मनाचें दुःख आणि रक्ताची परीक्षा

घरांतील मुलास ताप आला कीं सारें घर हातचें काम टाकून त्याच्या उशाशीं बसतें. कोणी कपाळावर ओली पट्टी ठेवितो, कोणी डॉक्टरांकडे धांव घेतो, शेजारीपाजारी चौकशीस येतात, आणि अभ्यास राहिला म्हणून त्या मुलास कोणी एक शब्दही बोलत नाहीं. परंतु तेंच मूल जर महिना महिना खिन्न होऊन कोपऱ्यांत बसूं लागलें, भरल्या ताटावरून अर्धपोटीं उठूं लागलें, रात्रीं जागून दिवसां पेंगूं लागलें, तर त्याच्या वांट्यास शुश्रूषा न येतां उपदेश येतो. 'तुला काय कमी आहे?', 'मन घट्ट कर', 'तुझ्या वयांत आम्ही मैल मैल चालत शाळेस जात होतों', हीं वाक्यें ज्यानें ऐकिलीं नाहींत असा दुःखी मुलगा आपल्या समाजांत क्वचितच सांपडेल.

असें कां व्हावें? तापाची साक्ष थर्मामीटरचा पारा देतो. मनाच्या दुःखाची साक्ष देणारा पारा कोठेंही नाहीं, हें त्याचें एक कारण आहे. डोळ्यांस दिसतें, कांट्यावर मोजतां येतें व कागदावर लिहून हातीं मिळतें, त्यावर आपला विश्वास चटकन् बसतो. म्हणूनच 'नैराश्याचा विकार आतां रक्ताच्या एका थेंबावरून ओळखतां येणार' अशी वार्ता वर्तमानपत्रांत वेळोवेळीं झळकते, तेव्हां अनेकांस हायसें वाटतें. ह्या आशेंत खरें किती व उतावीळपणा किती, आणि तशी परीक्षा हातीं येईपर्यंत आईबापांचें व शिक्षकांचें कर्तव्य काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम नैराश्य म्हणजे काय तें पाहूं. परीक्षेंत नापास झाल्यावर वाटणारें दुःख, आजी वारली असतां येणारें रडें, मित्राशीं भांडण झाल्यावर येणारी उदासी, हीं सर्व मनाचीं स्वाभाविक कार्यें होत. तीं रोग नव्हेत. वैद्यकशास्त्र ज्यास नैराश्याचा विकार म्हणतें त्याचीं नऊ लक्षणें आजच्या प्रचलित ग्रंथांत दिलीं आहेत. सतत खिन्नता, कशांतही गोडी न वाटणें, भूक व वजन यांत फरक, झोंपेंत बिघाड, हालचालींत मंदपणा किंवा अस्वस्थता, थकवा, आपण निरुपयोगी वा अपराधी आहों असें वाटणें, चित्त एकाग्र न होणें, आणि मरणाचे विचार. ह्यांपैकीं निदान पांच लक्षणें दोन आठवडे टिकलीं, त्यांत पहिल्या दोहोंपैकीं एक असलें, आणि त्यांमुळें नित्याचें जीवन विसकटलें, म्हणजे डॉक्टर त्यास विकार समजतात. लहान वयांत खिन्नतेच्या जागीं चिडखोरपणाच पुष्कळदां दिसतो, हें पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. 'हल्लीं फार उर्मट झाला आहे' ह्या तक्रारीमागें कधीं कधीं हेंच दुखणें लपलेलें असतें.

आतां ह्या नियमांतील गणित ज्यांस आवडत असेल त्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. नऊ लक्षणांतून वरील अटी पाळून जितके निरनिराळे संच जुळवितां येतात त्यांची संख्या २२७ भरते. इतकेंच नव्हे, तर एकाच विकाराचे म्हणून नोंदलेल्या दोन रुग्णांत नवांपैकीं एकच लक्षण समान असावें, हेंही शक्य आहे. एकास झोंप येत नाहीं, दुसरा दिवसभर झोंपतो. एकाचें अन्न तुटतें, दुसरा अधाशासारखा खातो. आणि दोघांच्याही कागदावर नांव एकच! मग अशा नानारूपी विकाराची एकच खूण रक्तांत सांपडावी, ही अपेक्षा मुळांतच किती अवघड आहे हें सहज ध्यानांत येईल.

तथापि ही अपेक्षा वेडगळ आहे असें मात्र कोणी समजूं नये. तिच्यामागें वैद्यकाचा मोठा उज्ज्वल इतिहास उभा आहे. हिंवतापाचें उदाहरण घ्या. शेंकडों वर्षें लोक त्यास दूषित हवेचा परिणाम समजत. १८८० मध्यें लाव्हरान ह्या फ्रेंच डॉक्टरानें रुग्णाच्या रक्तांत त्याचे जंतु पाहिले, आणि १८९७ मध्यें रोनाल्ड रॉस ह्यानें आपल्याच देशांत, सिकंदराबाद येथें, तेच जंतु डांसाच्या पोटांत शोधून काढिले. तेव्हांपासून कोणत्या तापास कोणतें औषध द्यावयाचें हा प्रश्न रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सोडवितां येऊं लागला.

मनाच्या विकारांतही असें घडलें आहे. पेलाग्रा नांवाचा एक रोग आहे. त्यांत कातडी करपते, पोट बिघडतें आणि शेवटीं बुद्धीस भ्रम होतो. अमेरिकेंत हे रुग्ण वेड्यांच्या इस्पितळांत भरलेले असत. गोल्डबर्गर ह्या डॉक्टरानें १९१४ नंतरच्या वर्षांत अथक शोध करून हा रोग निकस आहारापासून होतो असें दाखविलें, आणि १९३७ मध्यें निकोटिनिक आम्ल ह्या जीवनसत्त्वानें तो बरा होतो हें सिद्ध झालें. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीच्या भाकरीवर दिवस कंठणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळे. हैदराबाद येथील पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन ह्यांनीं त्याचा पुढें कसून अभ्यास केला. ज्यांस जग वेडे म्हणत होतें ते वस्तुतः भुकेले होते! असा इतिहास डोळ्यांपुढें असतां, नैराश्याचेंही मूळ शरीरांत कोठेंतरी सांपडेल अशी आशा शास्त्रज्ञांनीं धरिली तर त्यांत नवल तें काय?

शिवाय डॉक्टरांची गरजही खरी आहे. मनोविकाराचें निदान आजही संभाषणावरून व निरीक्षणावरून करावें लागतें, आणि दोन तज्ज्ञांचें मत नेहमींच जुळतें असें नाहीं. अमेरिकेंत ह्या निदानपद्धतीची जी कसोटी घेण्यांत आली व जिचे निष्कर्ष २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले, तींत नैराश्याच्या बाबतींत दोन डॉक्टरांच्या मतैक्याचा अंक ०.२८ इतकाच आला. पूर्ण मतैक्य म्हणजे १ आणि निव्वळ योगायोग म्हणजे ०, असें हें माप आहे. जेथें तज्ज्ञांची ही कथा, तेथें एखाद्या निःपक्षपाती साक्षीदाराची अपेक्षा करणें योग्यच होय.

ह्या साक्षीदाराचा शोध फार जुना आहे. प्राचीन ग्रीक वैद्य खिन्नतेस शरीरांतील काळें पित्त कारण समजत, आणि 'मेलँकोलिया' ह्या त्यांच्या शब्दाचा अर्थही तोच आहे. अर्वाचीन काळांतील ह्या शोधाचा एक धागा आपल्या भूमींतून गेलेला आहे. सर्पगंधा ही आपल्या वैद्यांची जुनी ओळखीची वनस्पति. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबावर तिचा उपयोग कसा होतो ह्यासंबंधीं १९४९ मध्यें इंग्लंडांतील एका वैद्यकीय मासिकांत निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याकडे सर्व जगाचें लक्ष वेधलें. पुढें सर्पगंधेंतील रिसर्पिन हें द्रव्य घेणारे कांहीं रुग्ण खिन्न होतात असें डॉक्टरांनीं नोंदविलें. हें कितपत खरें ह्याविषयीं मागाहून वाद झाला तो निराळा. रिसर्पिनमुळें मेंदूंतील सेरोटोनिन व तत्सम द्रव्यांचा सांठा कमी होतो असें दिसून आलें. उलट, १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील क्षयरुग्णालयांत इप्रोनियाझिड हें औषध घेणारे रुग्ण अकस्मात् उत्साही झाले. आणि हें औषध त्याच द्रव्यांचा नाश थांबवितें असें निष्पन्न झालें. ह्या दोन गोष्टी जुळवून, सेरोटोनिनसारखीं द्रव्यें उणीं पडलीं म्हणजे नैराश्य येतें, असा सिद्धान्त उभा राहिला. तो सोपा, सुटसुटीत व मनास पटणारा असल्यामुळें दूरवर पसरला. परंतु २०२२ मध्यें लंडन येथील संशोधकांनीं तोंवरच्या साऱ्या पुराव्याची एकत्र छाननी केली, तेव्हां नैराश्यांत सेरोटोनिन खरोखरच कमी असतें असा सुसंगत पुरावा त्यांस आढळला नाहीं. ह्यावरून औषधें निरुपयोगी आहेत असें अनुमान कोणीं काढूं नये व चालू औषध कोणीं आपल्या मनानें बंद करूं नये. ॲस्पिरिननें डोकें दुखायचें थांबतें म्हणून शरीरांत ॲस्पिरिन कमी पडलें होतें असें होत नाहीं, इतकाच ह्याचा अर्थ.

रक्तपरीक्षेच्या आशेची खरी कसोटी १९८१ सालीं लागली. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. बर्नार्ड कॅरोल व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्या वर्षीं तीव्र खिन्नतेसाठीं एक परीक्षा पुढें मांडली. रात्रीं अकरा वाजतां डेक्सामेथासोन ह्या औषधाची एक मिलिग्रॅमची गोळी द्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं रुग्णाच्या रक्तांतील कॉर्टिसॉल मोजावयाचें. निरोगी शरीरांत ह्या गोळीनें कॉर्टिसॉल दबतें. तीव्र खिन्नतेच्या अनेक रुग्णांत तें दबत नाहीं. कॅरोल ह्यांच्या रुग्णांत परीक्षा उत्तम ठरली, आणि थोड्याच काळांत तिचा इतरत्र सर्रास उपयोग होऊं लागला. पण जसजशी ती नानाविध रुग्णांवर वापरली गेली तसतसें कळून आलें कीं, उपाशी राहून वजन घटलेला मनुष्य, दारू सोडणारा मनुष्य, स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध, अशा अनेकांचाही निकाल तसाच येतो. आणि खरोखर नैराश्य असलेले पुष्कळ लोक परीक्षेंतून निर्दोष सुटतात. १९८७ मध्यें अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मंडळानें तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या, व नित्याच्या निदानांतून ती मागें पडली. परीक्षा खोटी नव्हती. ती शरीरावर पडलेला ताण खरोखर मोजीत होती. चूक झाली ती, ताण म्हणजेच नैराश्य असें मानण्यांत.

आज हा शोध अनेक वाटांनीं चालू आहे. त्यांतील एक वाट दाहाची आहे. शरीरांत कोठेंही दाह असला म्हणजे यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन नांवाचें द्रव्य अधिक प्रमाणांत रक्तांत सोडतें. नैराश्याच्या सुमारें एक-चतुर्थांश रुग्णांत हें प्रमाण वाढलेलें आढळतें. अर्थात् उरलेल्या तीन-चतुर्थांशांत तें आढळत नाहीं, आणि साधा संसर्ग वा लठ्ठपणा असला तरीही तें वाढतें. निदानास हें द्रव्य कुचकामाचें. पण औषधाच्या निवडीस तें कदाचित् उपयोगी पडेल. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, नेहमींच्या औषधांनीं गुण न आलेल्या ६० रुग्णांपैकीं अर्ध्यांस दाहशामक असें इन्फ्लिक्सिमॅब औषध दिलें व अर्ध्यांस नुसतें खारें पाणी. एकंदरींत दोहोंत फरक दिसला नाहीं; परंतु ज्यांच्या रक्तांत दाहाची खूण मुळांत जास्त होती त्यांचा कल औषधानें सुधारण्याकडे दिसला. हा धागा लहान असला तरी मोलाचा आहे.

दुसरी वाट अनेक खुणा एकत्र जुळविण्याची आहे. २०१३ मध्येंच अमेरिकेंतील संशोधकांनीं रक्तांतील नऊ द्रव्यांचा संच बनविला, आणि आपल्या छोट्या प्रयोगांत त्यानें शेंकडा ९० च्या आसपास रुग्ण व शेंकडा ८० च्या आसपास निरोगी लोक बरोबर ओळखले असें जाहीर केलें. २०१४ मध्यें शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील एव्हा रेडेई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३२ रुग्ण व ३२ निरोगी प्रौढ ह्यांच्या रक्तांतील नऊ जनुकांचे आरएनए तपासून असाच फरक दाखविला. २०२१ मध्यें इंडियाना विद्यापीठांतूनही ह्या दिशेचें काम प्रसिद्ध झालें. हे सर्व प्रयत्न स्तुत्य आहेत. तथापि आजमितीस नैराश्याच्या नित्य निदानासाठीं डॉक्टरांनीं सर्वत्र मान्य केलेली अशी एकही रक्तपरीक्षा नाहीं, ही वस्तुस्थिति पालकांनीं नीट ध्यानांत ठेवावी, आणि तशी जाहिरात कोठें दिसल्यास खिशांत हात घालण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

येथें कोणी म्हणेल, 'शेंकडा नव्वद रुग्ण ओळखणारी परीक्षा वाईट कशी? शाळेंतील सर्व मुलांची ती एकदां करून टाकावी, म्हणजे कोणी सुटणार नाहीं.' हा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड दिसतो. म्हणून त्याचें उत्तर अंकगणितानेंच देणें बरें. समजा, एका शाळेंत १००० मुलें आहेत व त्यांपैकीं ५० जणांस खरोखर नैराश्य आहे. आपली परीक्षा त्यांतील ४५ ओळखील व ५ जणांस 'निरोगी' म्हणून परत धाडील. राहिलीं ९५० निरोगी मुलें. त्यांपैकीं शेंकडा ८० बरोबर ओळखलीं, म्हणजे शेंकडा २० चुकलीं. अर्थात् १९० निरोगी मुलांच्या कागदावर रोगाचें नांव येईल. एकंदर २३५ मुलांवर शिक्का बसेल, आणि त्यांत खरे रुग्ण ४५, म्हणजे पांचांत एकही पुरता नाहीं! हीच परीक्षा जर डॉक्टरांनीं आधींच बोलून, तपासून, ज्यांच्याविषयीं निम्मा संशय आहे अशा १०० जणांवर केली, तर ५५ जणांवर शिक्का बसेल व त्यांत ४५ खरे असतील. परीक्षा तीच, पण जागा बदलली कीं तिची किंमत बदलते. ह्यावरून सिद्ध होतें कीं, रक्तपरीक्षा उद्यां कितीही सुधारली तरी तिच्या आधीं जाणत्या माणसाचें संभाषण हें लागणारच. ती संभाषणास मदत करील. त्याची जागा घेणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. कित्येक सुज्ञ लोक म्हणतात कीं, नैराश्य रक्तांत दाखवितां आलें तर त्याची लाज नाहींशी होईल. मुलगा ढोंग करीत नाहीं हें बापास पटेल, आणि सून आळशी नसून आजारी आहे हें सासूस कळेल. ह्या म्हणण्यांत सत्याचा मोठा अंश आहे, आणि ज्यांच्या दुःखावर वर्षानुवर्षें कोणीं विश्वास ठेविला नाहीं त्यांस असा कागद म्हणजे केवढा आधार वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु आपल्या समाजांत 'रक्त' ह्या शब्दास दुसराही एक अर्थ आहे. 'त्यांच्या रक्तांतच तें आहे' असें आपण म्हणतों तेव्हां आपण रोगाविषयीं बोलत नसतों, कुळाविषयीं बोलत असतों. जेथें सोयरीक जमवितांना तीन पिढ्यांची चौकशी होते, तेथें रक्तांतील नैराश्याचा कागद हा करुणेचें कारण न होतां कुळाचा डाग व्हावयास किती वेळ लागणार? वास्तविक अशा परीक्षेंत मोजलीं जाणारीं द्रव्यें दिवसागणिक, आहारागणिक, झोंपेगणिक बदलतात. त्यांचा कुळाशीं असा सरळ संबंध नसतो. पण ही बारीक गोष्ट चावडीवर व पंगतींत कोण समजावीत बसणार?

तिसरें भय आम्हांस सर्वांत मोठें वाटतें. कागद 'निर्दोष' आला तर काय? नैराश्यानें खंगलेल्या मुलीच्या हातीं 'रक्त उत्तम आहे' असा कागद पडला, तर घरचे लोक निश्चिंत होऊन म्हणतील, 'पाहा, तुला कांहीं झालेलें नाहीं, आतां थेर पुरे कर.' जी साक्ष तिला वांचवावयास आणिली तीच तिच्यावर उलटेल. दुःखी माणसाचें म्हणणें खरें मानण्यासाठीं ज्यांस कागदाची गरज लागते, ते कागदाच्या आधारें त्यास खोटेंही ठरवितात, हें विसरतां कामा नये.

मग रक्त तपासूंच नये काय? अवश्य तपासावें, पण कशासाठीं तें जाणून तपासावें. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावलें असतां मनुष्य सुस्त व खिन्न होतो. रक्त कमी झालें असतां मुली थकतात व चिडतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेंही मन व स्मृति मंदावते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या पथकानें २००६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पुणें व त्याच्या भोंवतालच्या पुरुषांपैकीं सुमारें दोन-तृतीयांशांत ह्या जीवनसत्त्वाचें प्रमाण कमी आढळलें. शाकाहारी घरांत ह्याची शक्यता अधिक. ह्या साध्या तपासण्या आज तालुक्याच्या गांवींही होतात, व त्यांवरील उपाय स्वस्त आहेत. तसेंच ज्या रुग्णांस लिथियम हें औषध देतात त्यांच्या रक्तांत तें किती आहे हें वेळोवेळीं मोजावेंच लागतें, कारण थोडें कमी पडलें तर गुण येत नाहीं व थोडें अधिक झालें तर तें विषासमान होतें. सारांश, नैराश्यासारखें दिसणारे दुसरे रोग ओळखणें व औषधावर नजर ठेवणें, ह्या दोन कामीं रक्त आजही खरी साक्ष देतें. तिसऱ्या कामाची, म्हणजे नैराश्याच्याच निदानाची, सक्ति आपण त्यावर करूं नये.

आणि तोंवर? तोंवर आपल्यापाशीं एक जुनें साधन आहे, तें म्हणजे कान. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास 'अर्जुनविषादयोग' असें नांव आहे. तेथें वीर अर्जुनाचीं गात्रें गळतात, तोंडास कोरड पडते, धनुष्य हातांतून निसटतें. अशा वेळीं त्याच्या सारथ्यानें प्रथम काय केलें? रथ दोन सैन्यांच्या मध्यें उभा होता, युद्धाची घाई होती, तरीही त्यानें त्याचें बोलणें संपेपर्यंत ऐकून घेतलें. आपल्या घरांत परीक्षेची, क्लासची, गुणांची घाई असते ती कुरुक्षेत्रावरील घाईपेक्षां मोठी खास नाहीं.

पालक बंधुभगिनींनो, मूल दोन आठवडे खिन्न, चिडखोर वा अलिप्त दिसलें तर त्यास एकांतांत, शांत स्वरांत विचारा. 'काय झालें?' ह्या प्रश्नास उत्तर 'कांहीं नाहीं' असेंच येईल. तेवढ्यावर उठून जाऊं नका. जीव नकोसा वाटतो काय, असें विचारण्यास भिऊं नका. असें विचारल्यानें तो विचार मुलाच्या मनांत शिरतो ही समजूत चुकीची असल्याचें तज्ज्ञ सांगतात; उलट विचारल्यानें त्याचा भार हलका होतो. मग डॉक्टरांकडे न्या, आणि दुखणें अंगावर काढूं नका. २०१५-१६ मध्यें बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांनीं ग्रस्त असलेल्यांपैकीं शेंकडा ७० ते ९२ लोकांस कसलाही उपचार मिळत नाहीं. ही उणीव रक्तपरीक्षेची खास नव्हे, तर विचारणाऱ्या व ऐकणाऱ्या माणसांची आहे. केंद्र सरकारनें २०२२ पासून 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींही कोणाशीं तरी बोलतां येतें. तसेंच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हां गांवांत बोभाटा होईल ह्या भीतीनें मागें राहण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, चिता आणि चिंता ह्यांत एका अनुस्वाराचाच काय तो फरक, असें आपले जुने लोक सांगत आले आहेत. तो अनुस्वार पुसला जाण्यापूर्वीं बोला. आईबापांशीं बोलवत नसेल तर शिक्षकांशीं बोला, तेंही न जमल्यास मित्राशीं बोला. आणि मित्र तुमच्याशीं बोलूं लागला तर त्याची थट्टा करूं नका व त्यास एकट्यानें तें गुपित वाहूं देऊं नका, एखाद्या वडील माणसास सांगा. तुमच्यांपैकीं ज्यांस शास्त्राची गोडी आहे त्यांनीं मोठेपणीं हा अपुरा शोध अवश्य पुढें न्यावा. रक्ताच्या थेंबांत दडलेलें सत्य कोणीतरी शोधून काढणारच आहे, आणि तो शोध लावणारा ह्याच बांकावर बसलेला असला तर त्याच्या शाळेस धन्यता वाटेल.

परंतु त्या शोधाच्या मार्गांत एक गोष्ट आपण गमावतां कामा नये. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासणारा शास्त्रज्ञ जितक्या धीरानें व आदरानें त्याकडे पाहतो, तितक्याच धीरानें व आदरानें आपल्या शेजारीं बसलेल्या खिन्न मुलाकडे पाहणें हें आपणां सर्वांचें काम आहे. त्यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं, फी पडत नाहीं, आणि निकालाची वाटही पाहावी लागत नाहीं.